मशीन बिघडलंय

तिनं मशीनचं दार उघडून आत हात घातला. हाताला गार, ओला पत्रा लागला. कपडे नव्हते.

हरवलेली किल्ली माणूस त्याच रिकाम्या खिशात पुन्हा पुन्हा शोधतो ना, तशी ती त्या रिकाम्या पिंपात पाहत राहिली. शेजारच्या वाळवणीच्या मशीनमध्ये कुणाचे तरी कपडे गरगर फिरत होते, पण त्यात तिचं काही नव्हतं.

"ते... टेबलावर आहेत," मागून आवाज आला. "अजून गरम असतील."

ती दचकून वळली. धुण्याच्या खोलीच्या दाराशी एक उंच, थोडा वाकलेला तरुण उभा होता. शर्टाच्या बाहीवर मांजराच्या नखांचे ओरखडे आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. टेबलावर तिचे पांढरे कोट घडी घालून ठेवले होते, कॉलरला कॉलर जुळवून. चादरींच्या घड्या तर दुकानातल्यासारख्या. आणि त्यांच्या बाजूला एका छोट्या ढिगावर अगदी अदबीनं टॉवेल पांघरलेला होता.

टॉवेलखाली काय असणार हे तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली.

"त्यांच्याकडे मी बघितलं नाही," तो छताकडे पाहत म्हणाला. "म्हणजे... बाहेर काढावे लागले. पण डोळे मिटून."

"डोळे मिटून मशीन रिकामं केलंत?"

"सवय आहे. गाईच्या पोटात वासरू आडवं असलं की मी डोळे मिटूनच काम करतो. हाताला जास्त दिसतं."

तिची दातखीळच बसली. तिच्या खाजगी कपड्यांना आजवर कुणी आडव्या वासराच्या पंगतीत बसवलं नव्हतं.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," त्यानं घाईनं खुलासा केला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथली पद्धतच आहे तशी. ज्याचं धुणं झालं, त्याचं पुढच्यानं वाळवायचं आणि घडी घालून ठेवायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला इथं कुणीच काही सांगत नाही," ती म्हणाली. म्हणायचं होतं त्यापेक्षा ते जरा जास्तच टोकदार निघालं. कपडे कवटाळून ती जिन्याकडे वळली. टॉवेल मागेच राहिला. तो त्याचा होता.

वर जाऊन दार लावल्यावर मात्र तिनं एक कोट गालाला लावून पाहिला. खरंच गरम होता अजून. कित्येक दिवसांत दुसऱ्या माणसाच्या हातून आलेली ती पहिलीच गरम वस्तू असावी... असं मनात आलं आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

ती कवळ्या बनवायची. शहराच्या एका टोकाला दातांची प्रयोगशाळा होती. तिथं दवाखान्यांतून आलेल्या साच्यांवर मेणात दात रोवायचे, गुलाबी हिरडी भरायची, साचा गरम पाण्यात शिजवायचा आणि शेवटी घासून चकाकी आणायची. तोंडावर मास्क, कानांत बोळे, शेजारी घासयंत्रांचा किरकिराट. तिच्या हातचे दात घालून कितीतरी माणसं हसत असतील, पण तिनं त्यातलं एकही हसू पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी वर्षभर शेजारीच बसत होती. तिचे फक्त डोळे ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी एक कवळी घासता घासता तिचा हात थांबला. गुलाबी हिरडीच्या आत, काचेत अडकल्यासारखा, एक लांब केस होता. नारिंगी.

ती नुसती बघत राहिली. असा केस तिच्या डोक्यावर नव्हता, प्रयोगशाळेत कुणाच्याच डोक्यावर नव्हता. तो जगात एकाच ठिकाणाहून आला असणार.

पुढच्या खेपेला धुण्याच्या खोलीत तो दिसताच तिनं विचारलं, "तुमच्याकडे नारिंगी मांजर आहे?"

"आहे," त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. एका आजोबांच्या हिरडीत."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याचा रंग हळूहळू उतरत गेला. "मग त्या कवळीचं काय केलंत?"

"तोडून नवी केली. आजोबांना वास आला असता ना उंदराचा, जेवताना."

तो आधी दचकला, मग तिच्या डोळ्यांकडे पाहून हसला. त्याचा वरचा एक दात शेजाऱ्यावर किंचित चढलेला होता. हे तिनं धंद्याच्या सवयीनं पाहिलं. मग जरा वेळ सवय सोडूनही पाहिलं.

"शिक्षा सांगा," तो म्हणाला.

"पुढचे चार कोट तुम्ही घडी करायचे. केस वेचून."

"आणि टॉवेलखालचं?"

"डोळे मिटून."

हे आपणच बोललो का, म्हणून ती स्वतःच थक्क झाली.

धुण्याची खोली तळघरात होती. भिंतीत पाण्याचे पाइप गुरगुरायचे, साबणाचा आणि गरम कापडाचा वास कोंदलेला असायचा आणि वर, छताच्या अगदी खाली, एक आडवी खिडकी होती. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. बाहेर पाऊस आहे का, ते इथं बुटांवरून कळायचं.

इथं नेहमी येणारी मंडळी तिला हळूहळू कळू लागली. चौथ्या मजल्यावरच्या बाई, जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. घड्यांची ती पद्धत त्यांनीच घालून दिलेली. चादरीचा कोन चुकला तर अजूनही "उलगड आणि पुन्हा घाल" म्हणायच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'दातवाली' ठेवलं. दुसरे ड्रायव्हरमामा, शहरातली बस चालवणारे. दिवसभर 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसून साठलेलं सगळं ते इथं येऊन बोलायचे. आणि तिसऱ्या वहिनी, इमारतीच्या सेक्रेटरींच्या पत्नी. थर्मासमधून कॉफी त्या आणायच्या आणि बातम्याही.

"तुझं काय बिघडलंय?" बाईंनी तिला विचारलं होतं.

"माझं काही नाही."

"अगं, मशीन. आमच्या सगळ्यांची मशीनं बिघडलेली आहेत. माझं तर असं गुरगुरतं की विचारू नकोस."

"माझा पाइप फुटलाय," ड्रायव्हरमामा म्हणाले.

"आमच्यात पाणीच चढत नाही," वहिनींनी सुस्कारा टाकला. "दोन मेकॅनिक हात टेकून गेले."

"माझं जळलं," डॉक्टर म्हणाला आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागला.

"मी घेतलंच नाही अजून," ती ओशाळून म्हणाली. या बिघडलेल्यांच्या घोळक्यात तेवढंच एक कमी होतं.

एका संध्याकाळी इतर कुणी आलं नव्हतं. ती दोघंच टेबलाला टेकून वरच्या खिडकीतले पाय बघत होती.

"काळे बूट, टाच झिजलेली," तो म्हणाला. "हे गृहस्थ कुठे चाललेत?"

"घरी. पण जायचं नाहीये. बघा ना, थांबतायत."

"आणि या लाल सँडल?"

"उशीर झालाय. कुणीतरी वाट बघतंय."

"कशावरून?"

"वाट बघणारं नसतं तेव्हा कुणी ओल्या फरशीवरून इतकं भरभर चालत नाही."

मशीन घुमत होतं. तिला वाटलं, इथं या आवाजाच्या आडोशाला काहीही सांगता येईल. "मी नवीन आले तेव्हा ताप आला होता," ती म्हणाली. "बरेच दिवस. ऑफिसला निरोप पाठवला, त्यांचं उत्तर आलं, 'रजा मंजूर.' बस. आईला कळवलं नाही, ती घाबरली असती. ताप उतरला तेव्हा लक्षात आलं, इतक्या दिवसांत आपण एक अक्षर बोललो नाही आहोत. मग... आवाज आहे की गेला, ते बघायला मी भिंतीला 'हॅलो' म्हटलं."

"भिंत काय म्हणाली?"

"रजा मंजूर."

तो हसला नाही. टेबलावरचा त्याचा हात तिच्या हाताजवळ येऊन थांबला... टॉवेलच्या एका घडीइतकं अंतर राहिलं असेल. तेवढ्यात मशीननं संपल्याची शिट्टी दिली आणि दोघंही एकदमच ते उघडायला धावली.

त्या संध्याकाळनंतर आईचा फोन आला की ती खालच्या गोष्टी सांगायला लागली. "कोण हा डॉक्टर?" आईनं विचारलं. "तुला काय होतंय?"

"मला काही होत नाही गं. तो जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग तर तुला काय होतंय ते त्याला कधीच कळायचं नाही," आई म्हणाली. आईला फोनवरूनही पुष्कळ कळायचं.

आणि मग सेक्रेटरी खाली आले. नीटनेटके गृहस्थ. दारातूनच भिंतींवर नजर फिरवली. "ही खोली बंद करायचा विचार आहे," ते म्हणाले. "सायकलींना जागा हवी. हल्ली घरोघरी मशीनं आहेत. ही भाड्याची दोन उगाच पोसतोय आपण."

पाइपसुद्धा गुरगुरायचे थांबल्यासारखे वाटले.

"पण आमची बिघडलेली आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच रविवारी सभा ठेवलीय. ज्यांच्याकडे चालू मशीन नाही अशी पाच घरं निघाली तर खोली राहील. नाही निघाली तर सोमवारी मशीनं परत." मग बायकोकडे पाहून ते जरा मवाळ झाले. "आपलं एक धरलंय मी त्यात."

ते गेल्यावर ड्रायव्हरमामांनी बोटं मोजली. बाई, मामा, वहिनी, डॉक्टर, दातवाली. बरोबर पाच. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण कुणी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. ते तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी ती फक्त एवढंच समजली, की आपलं एक न घेतलेलं मशीन या खोलीचा पाचवा खांब आहे. एवढं महत्त्व तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

शनिवारी वाळवणीच्या मशीनमध्ये डॉक्टरचा स्वेटर राहिलेला तिला सापडला. पोचवायला हरकत नव्हती. आरशात तीनदा बघून, चौथ्यांदा मुद्दाम न बघता, ती तिसऱ्या मजल्यावर गेली.

त्यानं दार उघडलं तेव्हा त्याच्या काखेत नारिंगी मांजर होती आणि हातात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. तिला पाहून त्याचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"तुम्ही... या ना. म्हणजे, हिचा डोळा... एक मिनिट. स्वयंपाकघरात कोरडं फडकं आहे, तेवढं द्याल?"

ती आत गेली. ओट्याशेजारी फडकं होतं. फडक्याखाली मशीन होतं. मशीनवर हिरवा दिवा होता आणि काचेच्या दारामागे मांजराची चौकड्यांची गोधडी सुखानं गोल गोल फिरत होती.

मशीन चांगल्यापैकी नवं होतं. गुरगुरत नव्हतं, गळत नव्हतं. खालच्या दोन्हींपेक्षा शांत चालत होतं.

"मला कपाटातलं फडकं म्हणायचं होतं," मागून तो म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

"हे जळलं होतं ना?"

"नाही."

"मग तुम्ही खाली का येता?"

त्यानं मांजर खाली ठेवली. बाटलीचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. ऐन वेळी ज्यांना शब्द दगा देतात अशी माणसांची एक जात असते. जितकं मनात जास्त, तितकं तोंडात भलतंच. तो त्या जातीचा होता.

"तुम्ही एकट्या असता," तो म्हणाला. "ते तापाचं तुम्ही सांगितलंत... म्हणजे, मला वाटलं, कुणीतरी—"

भिंतीला 'हॅलो' म्हटल्याचं तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यानं ते ऐकून घेतलं, घडी घातली आणि दयेच्या खणात ठेवून दिलं होतं तर.

"स्वेटर," ती म्हणाली आणि तो मशीनवर ठेवला. "कोरडा आहे."

"ऐका ना—"

तिनं ऐकलं नाही. घरी जाऊन फोन उघडला आणि सगळ्यात लवकर पोचवतील ते मशीन मागवलं. सोमवारी सकाळी येणार होतं. स्वयंपाकघरातला कोपरा रिकामा करताना ती स्वतःला बजावत होती, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायला जाऊ नये. कानाला खडा.

रविवारी खालच्या मोठ्या पॅसेजमध्ये सभा भरली. दोन्ही बाजूंना पत्रपेट्या, मधे घडीच्या खुर्च्या. एका छताखाली राहणारी माणसं लांबच्या प्रवासातल्या अनोळखी उतारूंसारखी एकेक खुर्ची सोडून बसली होती. ती सगळ्यात मागे बसली. डॉक्टर पुढे होता. त्यानं दोनदा वळून पाहिलं, दोन्ही वेळा तिनं पत्रपेट्या वाचल्या.

"ज्यांच्याकडे चालू मशीन नाही त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

बाईंचा हात वर गेला, वर्गात जाई तसा ताठ. ड्रायव्हरमामांचा गेला. नवऱ्याशेजारी उभ्या असलेल्या वहिनींचा गेला. डॉक्टरचाही, पण कोपरातून दुमडलेला.

"चार," सेक्रेटरी म्हणाले. "आणि पाचव्या... दातवाल्या ताई, तुमच्याकडे नाहीच ना मशीन?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाईंनी तर डोळ्यांनी 'हात वर कर' असा खास वर्गातला इशाराही केला.

"उद्या येतंय," ती म्हणाली.

बाईंचा हात तसाच वर राहिला, जणू खाली कसा घ्यायचा ते विसरल्या. वहिनींनी तोंडावर पदराऐवजी सभेची फाइल धरली. ड्रायव्हरमामा एवढंच म्हणाले, "अगं..."

"म्हणजे चारच," सेक्रेटरी म्हणाले. "मग प्रश्न मिटला."

"चार नाहीत." डॉक्टर उभा राहिला होता. त्याची खुर्ची मागच्या मागे मिटून पडली, तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही. "माझं धरू नका. माझं चालतं."

"जळलं होतं ना?"

"कधीच जळलं नव्हतं."

"मग तुम्ही खाली का येता?" सेक्रेटरींनी विचारलं. तोच प्रश्न. तिनं मान खाली घातली.

"हे मला काल विचारलं होतं कुणीतरी. मी... चुकीचं उत्तर दिलं." तो सेक्रेटरींशी बोलत होता, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत यावा इतका मोठा होता. "मी दिवसभर ज्यांना तपासतो त्यांना बोलता येत नाही. संध्याकाळी घरी येतो, तर तिथं मांजर. कुठल्याही शेजाऱ्याचं दार वाजवून 'मला करमत नाहीये, जरा बोला माझ्याशी' असं म्हणता येत नाही हो. लोक घाबरतील. पण मळलेला शर्ट घेऊन खाली जाता येतं. शर्टाला कुणी कारण विचारत नाही. मी इथं आल्यापासून जातोय. त्या... ताई यायच्या कितीतरी आधीपासून. एकटा मी होतो. तेच सांगायचं होतं. तोंडातून दुसऱ्याचंच नाव आलं."

तिच्या छातीत वाळवणीचं मशीन सुरू झालं होतं.

"खाली बसा, डॉक्टर," बाई म्हणाल्या. त्यांनी हात हळूच खाली घेतला. "माझंही चालतं."

डॉक्टर बसायला गेला. खुर्ची नव्हती. तो तसाच वाकलेला राहिला. "बाई... गुरगुरतं म्हणाला होतात."

"मी गुरगुरते. मशीन बिचारं गप्प असतं."

ड्रायव्हरमामा बुटांकडे बघत होते. "पाइप फुटला नाहीये," ते म्हणाले. "काढून माळ्यावर ठेवलाय. म्हटलं, कुणी बघायला आलं तर... मला वाटलं होतं, या सगळ्यांत खोटारडा मी एकटाच."

"मलाही तेच वाटत होतं," बाई म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं तर एका खोलीत तीन चोर वर्षानुवर्षं एकमेकांचे कपडे घडी करत होते आणि प्रत्येक जण बाकीच्यांना साव समजत होता.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "म्हणजे अख्ख्या इमारतीत खरोखर बिघडलेलं मशीन आमचं एकट्याचं?"

वहिनींनी फाइल खाली घेतली. "अहो," त्या म्हणाल्या. "आपलंही नाही."

"आपलं? दोन मेकॅनिक येऊन गेले."

"ते यायच्या आधी मी मागचा नळ बंद करते."

सेक्रेटरी खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघून तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्या नीटनेटक्या माणसाचा चेहरा एखाद्या मुलासारखा झाला होता. "मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "तू खाली असतेस तेवढा वेळ मी वर टीव्ही लावून बसतो. बघत नाही. नुसता लावतो. मीही आलो असतो."

"तुम्हाला धुणं कुठे येतं?"

"शिकलो असतो."

सभा त्यापुढे चालली नाही. पण ठराव तो ठराव. चालू मशीन नसलेली घरं शून्य. खालची मशीनं सोमवारी जाणार, हे कुणालाच बदलता आलं नाही. माणसं उठून पांगली, मात्र जाताना सगळी एकाच लिफ्टसाठी ताटकळत थांबली. जिना रिकामा होता.

सोमवारी सकाळी तिची बेल वाजली. दोन हमाल, मधे खोक्यात मशीन.

"कुठं बसवायचं, मॅडम?"

तिनं स्वयंपाकघरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. पुसून लखलखीत केला होता. इथं मशीन आलं की कपडे स्वतःच धुवायचे, स्वतःच घडी घालायचे, दार उघडायचंसुद्धा कारण नाही. कोपरा नेमका मापाचा होता. त्याचीच तिला भीती वाटली.

"खाली," ती म्हणाली. "तळघरात."

"पत्ता तर इथला आहे."

"पत्ता इथलाच आहे. चला."

तळघरात सेक्रेटरी किल्ली घेऊन उभे होते. भाड्याची मशीनं गेली होती. जमिनीवर दोन चौकोनी डाग आणि भिंतीतून लोंबणारे पाइप उरले होते. तिच्यामागून खोकं उतरताना पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"ही खोली सायकलींना दिलीय," ते म्हणाले.

"सायकली भिंतीला लागतील. मला कोपरा पुरे."

"खाजगी मशीन सार्वजनिक जागेत... हे नियमात बसत नाही."

"कोपऱ्यात बसतं. बघा मापून."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मग किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझे शर्ट मी स्वतः घेऊन येईन. हिला आधी सांगू नका. चकित होऊ दे."

ते गेले, हमालही मशीन जोडून गेले. ती एकटीच खिडकीखाली उभी राहिली. बाहेर भुरभुर असावी, बूट चमकत होते. ओळखीचे दोन बूट खिडकीशी आले आणि थांबले. पुढे गेले. परत आले. मग जिन्यावर वाजले.

तो दारात आला तेव्हा हातात पाटी होती, पाटीत जेमतेम दोन शर्ट. नव्या मशीनकडे बघून तो उभ्या जागी खिळला.

"हे... तुमचं? इथं?"

"तुमचं मशीन चालतं ना?" तिनं विचारलं. "मग कशाला आलात?"

"मशीन चालतं," तो म्हणाला. "बाकी काही चालत नाहीये. शनिवारपासून."

पाइपातून पाणी गेलं.

"मी एकटी होते," मग ती म्हणाली. "ते खरंच होतं. म्हणून तर लागलं."

"मला वेगळंच सांगायचं होतं. मला... तुम्ही इथं यायच्या आधी मी माणसांसाठी यायचो. तुम्ही आल्यावर, बाकी कुणी नाही आलं तर बरं, असं वाटायला लागलं. बाईंच्या समोर हे कसं सांगणार? आणि तुमच्यासमोर तर..."

"दात दाखवा."

"अं?"

"दाखवा दात."

त्यानं गोंधळून दात दाखवले. तिनं जवळ जाऊन अगदी धंद्याच्या नजरेनं पाहिले, तो किंचित चढलेला दातसुद्धा. "सगळे जागच्या जागी आहेत," ती म्हणाली. "मग शब्द अडतात कुठे?"

"तू अशी जवळ आलीस की..." तो म्हणाला आणि थांबला. 'तू' बाहेर पडल्याचं त्यालाच उशिरा कळलं होतं. परत घ्यावं की काय अशा विचारात तो पडला, तशी तिनं त्याच्या हातातली पाटीच काढून घेतली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "मला आवडलं."

ती पांढरे कपडे कधीच रंगीत कपड्यांत धुवायची नाही. प्रयोगशाळेचे कोट तर स्वतंत्रच. तिनं आपले कोट मशीनमध्ये टाकले. मग त्याचे दोन शर्ट उचलले, खिडकीच्या उजेडात धरले. नारिंगी केस ढिगानं होते. एकही न वेचता तिनं ते कोटांवर टाकले आणि दार लावलं.

तो आ वासून बघत होता. "अगं... आजोबांची हिरडी..."

"केस राहिला तर नवी करीन," ती म्हणाली.

मशीन नवं असल्यानं सुरुवातीला जरा थरथरलं. त्याचा हात टेबलावर तिच्या हाताजवळ आला. या वेळी मधे घडीइतकंही अंतर उरलं नाही आणि मशीनची शिट्टी व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. जिन्यावर बाईंची काठी वाजली, मागोमाग ड्रायव्हरमामांचं बोलणं आणि थर्मासचा खणखणाट. एकच मशीन, आणि रांग लावायला सगळे निघालेले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती मेणात दात रोवत बसली होती. शेजारच्या टेबलावरचं घासयंत्र थांबलं. त्या मुलीनं मास्क खाली ओढला. वर्षभरात पहिल्यांदाच तिला त्या मुलीचं तोंड दिसलं. तिला खळी होती, कुणाला माहीतच नव्हतं. हात पुढे करून त्या मुलीनं तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवरून एक लांब नारिंगी केस उचलला आणि उजेडात धरला.

"मांजर पाळलंस का गं?"

तिनंही मास्क खाली घेतला.

"मांजर नाही," ती म्हणाली. "मांजराचा डॉक्टर. ये ना संध्याकाळी, दाखवते. येताना कोट घेऊन ये, मळलेला."

"पण माझ्या घरी मशीन आहे."

"असू दे," ती म्हणाली. "बिघडलंय म्हण."